केळीचा कंद आधी कुंडीत की थेट जमिनीत?

केळीचे मुनवे, म्हणजे बुंध्याशेजारी कंदातून फुटलेली पिल्लं, घरी आणले की हा प्रश्न येतोच आणि उत्तरं दोन टोकांची मिळतात. जळगावच्या केळी पट्ट्यातला, रावेर-यावलकडचा शेतकरी म्हणेल कुंडी कशाला, खड्डा घ्या आणि लावून टाका, आणि परसबागवाला म्हणेल थेट जमिनीत लावलेला कंद सडला हो, कुंडीतलाच जगला. दोघंही खरं बोलतात. फक्त दोघांचे कंद वेगळे, माती वेगळी आणि लावायचा महिनाही वेगळा, आणि सगळा खेळ त्यातच आहे.

आधी कंद म्हणजे काय ते बघू, कारण केळीचा जो बुंधा आपण खोड समजतो तो खोड नाहीच, ती एकमेकांवर घट्ट गुंडाळलेली पानांची देठं आहेत. खरं खोड म्हणजे जमिनीतला कंद. मुनवा आईपासून, म्हणजे मूळ झाडापासून, कुदळीने तोडून घेतला, माती धुतली आणि कंदाच्या कडेची एक चकती कापली की आत पांढरं स्वच्छ गर दिसतं, आणि नीट बघितलं तर आतला भाग आणि बाहेरचा भाग यांच्यामधे एक बारीक रेघ गोल फिरलेली दिसते. नवीन मुळं या रेघेपासून फुटून बाहेर येतात. कापलेला भाग हवेवर थोड्या वेळात तपकिरी पडतो, त्याला घाबरायचं नाही. पण ताज्या कापातच भुयारं दिसली तर आत सोंडकिडीची अळी फिरून गेलीय आणि लालसर-तपकिरी ठिपके दिसले तर पनामा म्हणजे मर रोगाचा संशय घ्यायचा, आणि असा कंद ना कुंडीत ना जमिनीत, सरळ बाद. त्याच पांढऱ्या चकतीवर टिंक्चर आयोडीनचा थेंब टाकून बघा, काळानिळा डाग पडतो. तो स्टार्च. कंदाने बरोबर बांधून आणलेली ही शिदोरी.

ही शिदोरी महत्त्वाची का, तर मुनवा तोडताना त्याची मुळं तुटतात आणि जी चार उरतात ती पुढे फारशी कामाला येत नाहीत, मरतात. म्हणजे लावल्यानंतरचे पहिले काही आठवडे कंदाला मुळं नाहीत, धड पानं नाहीत, आणि नवीन मुळं-पानं काढायची ती साठवलेल्या स्टार्चवर. तोवर कंद टिकला की जिंकलं. म्हणूनच आपल्याकडे 3-4 महिन्यांचे, तलवारीसारख्या अरुंद पानांचे आणि अर्धा ते पाऊण किलो कंदाचे मुनवे निवडायला सांगतात. रुंद पानांचा मुनवा दिसायला तरतरीत असतो पण त्याचं आईशी नातं कच्चं, कंद लहान आणि साठाही तुटपुंजा, आणि नवखा माणूस हमखास तोच उचलतो.

आता अर्धा-पाऊण किलोचा निरोगी कंद आहे, जून-जुलैची लागवड, म्हणजे मृगबाग, आहे, पाण्याचा निचरा होतोय, तर कुंडीची गरज खरंच नाही. खड्ड्यात शेणखत, निंबोळी पेंड टाकायची, कंद बसवायचा, वर थोडी माती येऊ द्यायची आणि पायाने दाबून घ्यायचं. ऊबदार ओल आहे, मुळांना पसरायला जागा आहे, कंद आपलं आपण बघतो.

गडबड होते ती गारठ्यात आणि चिखलात. तापमान 16 अंशांच्या खाली गेलं की केळीचं नवीन पान येणं जवळपास थांबतं, आणि मुळं नसलेला कंद थंड ओल्या काळ्या मातीत नुसता बसून राहिला की बुरशी-जिवाणूंना आयता वेळ मिळतो. मुळांनाही हवा लागते, पाणी साचलं की त्यांची टोकं गुदमरून मरतात. कांदेबागेची, म्हणजे पावसाळ्याच्या शेवटाकडच्या बागेची, लागवड ऑक्टोबरकडे ढकलली की नेमकं असं होऊ शकतं, कंद जेमतेम फुटतो न फुटतो तोच जळगावची थंडी येते आणि रोप फेब्रुवारीपर्यंत आहे तिथेच. तेच कंद ऑगस्टअखेर शेडनेटखाली पिशव्यांत लावले आणि ऑक्टोबरमधे मुळं-पानांसकट शेतात नेले तर थंडी सोसायला त्यांच्याकडे काहीतरी असतं. इथे कुंडी उपयोगाची. तसंच कंद लहान असेल, कुठून आला माहीत नसेल, किंवा बाग सगळी एकसारखी हवी असेल तरी, कारण न फुटलेला कंद पिशवीतच कळतो, शेतात दोन महिने नांगी, म्हणजे रिकामी जागा, राहत नाही.

टिश्यू कल्चरच्या, म्हणजे प्रयोगशाळेत बाटलीत वाढवलेल्या, रोपांना तर दुसरा मार्गच नाही. बाटलीतल्या दमट हवेत वाढलेल्या पानांवर मेणाचा थर जेमतेम असतो आणि त्यांची पर्णरंध्रं (पानांवरची बारीक छिद्रं) नीट बंद होत नाहीत, बाहेर काढली की तासाभरात माना टाकतात. शिवाय कंदाचा साठा नाहीच. म्हणून ती आधी हरितगृहात, मग पिशवीत, 5-6 पानांची झाली की शेतात. तिरुचिरापल्लीला 1993 पासून राष्ट्रीय केळी संशोधन केंद्र आहे, तिथे कंदापासून जास्त रोपं करायची स्वस्त पद्धतही शिकवतात, कंदाचा मधला कोंब कोरून काढायचा, वर फुलीसारखे काप द्यायचे आणि कंद लाकडाच्या भुश्यात ठेवायचा, की कडेचे झोपलेले डोळे एकेक करून जागे होतात. ती पिल्लंही वेगळी केली की पिशवीतच वाढवावी लागतात.

पण कुंडीत कंद मारायचीही एक खात्रीशीर पद्धत आहे, रोज पाणी घालणं. पानं नाहीत म्हणजे पाणी हवेत जात नाही, मुळं नाहीत म्हणजे कोणी शोषत नाही, आणि कुंडीत ते जिरायला जागाही नाही. एकदा नीट भिजवायचं आणि मग वरची माती सुकेपर्यंत हात आवरायचा, खरं पाणी नवीन पान उलगडल्यावर. माती म्हणाल तर अर्धी पोयटा माती, बाकी शेणखत किंवा गांडूळखत आणि जाडी वाळू. जुन्या केळीच्या बागेतली माती मात्र अजिबात नको, मर रोगाची बुरशी मातीत वर्षानुवर्षं पडून राहते. पिशवी निदान 8-10 लिटरची, आणि काळी पिशवी दुपारच्या उन्हात सिमेंटवर ठेवू नका, कडेची मुळं अक्षरशः शिजतात.

दुसरी चूक म्हणजे रोप छान दिसतंय म्हणून कुंडीत ठेवून देणं. केळीची मुळं पेन्सिलीसारखी जाड, कुंडीच्या भिंतीला लागली की गोल फिरतात, आणि फिरलेली मुळं जमिनीत गेल्यावर सरळ होत नाहीत. आणि यापेक्षाही मोठं नुकसान होतं ते डोळ्यांना दिसतच नाही. केळ किती दिवसांनी निसवणार, म्हणजे घड बाहेर काढणार, हे कॅलेंडरपेक्षा पानांवर जास्त ठरतं, ग्रँड नैनसारख्या जातीत साधारण 30-40 पानं निघाल्यावर, आणि घडाला किती फण्या हे तर घड बाहेर येण्याच्या काही महिने आधीच जमिनीलगत कंदाच्या टोकाशी ठरून गेलेलं असतं. तेव्हा रोप कुंडीत उपाशी असेल तर नंतर कितीही खत ओता, फण्या वाढत नाहीत. माझ्या मते कुंडीत लावून फसलेल्यांपैकी बरेच जण याच कारणाने फसतात आणि दोष जातीला देतात.

तेव्हा 6-8 आठवडे, 4-5 पानं, आणि पिशवीच्या भोकातून पांढरं मूळ डोकावलं की हलवायचं. सावलीतून एकदम उन्हात नाही, आठवडाभर सकाळचं ऊन द्यायचं. पिशवी ब्लेडने उभी चिरायची, ओढून काढायची नाही, मातीचा गोळा फुटला तर पुन्हा पहिल्यापासून. लावायचं संध्याकाळी आणि कुंडीत होतं त्यापेक्षा थोडं खोल, कारण पुढची पिलं कंदाच्या वरच्या अंगाने येतात आणि उथळ लावलेली केळ पिलबागेत, म्हणजे पिल्लांवर घेतलेल्या पुढच्या पिकात, मुळं उघडी पडून कलंडते.

मोठ्या बागेत मला मधला मार्ग पटतो. चांगले कंद थेट जमिनीत लावायचे आणि त्याच दिवशी शंभरामागे पाच-सात पिशवीतही लावून ठेवायचे. महिना-दीड महिन्याने नांग्या भरायला त्याच वयाची रोपं हाताशी असतात, नाहीतर उशिरा लावलेलं रोप शेजारच्यांच्या सावलीत रखडतं आणि त्याचा घड मागे पडतो.