बोर्डोची पहिली बाटली उघडण्यापूर्वी

तासगाव-पलूसच्या बागाईतदाराला ‘बोर्डो’ म्हटलं की मोरचूद-चुन्याची फवारणी आठवते. ते मिश्रण फ्रान्सच्या बोर्डो या वाइनच्या मुलखातलं, जिथली लाल वाइनही याच नावाने ओळखली जाते. येणाऱ्या-जाणाऱ्यांनी घड तोडू नयेत म्हणून तिथे वाटेकडेच्या वेलींवर मोरचूद-चुना मारत. त्या वेलींवर केवडा रोग येत नाही हे मियार्दे या शास्त्रज्ञाने हेरलं आणि १८८५ मध्ये प्रसिद्ध केलं. म्हणजे सांगलीची बोर्डोशी ओळख जुनीच, फक्त चव घ्यायची राहिली होती.

मी ती पहिल्यांदा घेतली मे महिन्यात. बाटली कपाटातली, कोमट. बूच काढलं आणि लगेच ओतली, सोबत तिखट शेव. कच्चं जांभूळ चावल्यासारखं तोंड आवळून आलं. उरलेली बूच लावून फ्रिजमध्ये टाकली. दुसऱ्या दिवशी जेवायच्या थोडं आधी बाहेर काढली आणि घरच्या सुक्या मटणाबरोबर घेतली. तीच बाटली, पण आता पिकलेलं जांभूळ, नुकत्याच तासलेल्या पेन्सिलीचं लाकूड आणि मागून वाळल्या तंबाखूचा मंद वास. त्या संध्याकाळमुळेच आज आम्ही ही वाइन दुकानात ठेवतो.

तुरटपणा हा दोष नव्हे. आपलं खायचं द्राक्ष पातळ सालीचं, बिनबियांचं. बोर्डोतल्या कॅबर्ने सोव्हिन्यो या जातीच्या द्राक्षाचा मणी बारीक, साल जाड, आत बिया. लाल वाइन सालीबियांसकट आंबवतात, त्यातून टॅनिन हे तुरट द्रव्य उतरतं. चहा जास्त उकळला की जिभेला जाणवतं तेच. मटणातली प्रथिनं आणि चरबी त्याला मऊ करतात. तिखट मात्र तुरटपणा आणि अल्कोहोलची आग दोन्ही वाढवतं, म्हणून झणझणीत रश्शाबरोबर ही वाइन नको. शाकाहारी घरी पनीर किंवा चीज चालेल.

बोर्डोत सहसा एकाच जातीची वाइन करत नाहीत. मेर्लो लवकर पिकते, कॅबर्ने उशिरा. एकीला पावसाने गाठलं तर दुसरी हाताशी राहते. अवकाळीत बाग सांभाळलेल्याला हे वेगळं समजवायला नको. मेर्लोने वाइनला मऊपणा आणि भरीवपणा येतो, कॅबर्नेने कणा.

‘रेड वाइन घरातल्या तापमानाला प्यावी’ हा सल्ला थंड देशातल्या घरांचा. तिला १६ ते १८ अंश मानवतात. आपल्या उन्हाळ्यात बाटली तास-दीड तास फ्रिजमध्ये ठेवा. वाइन तरुण असेल तर काचेच्या रुंद जगमध्ये ओतून अर्धा-एक तास हवा लागू द्या. नुसतं बूच काढून ठेवल्याने फारसं काही होत नाही. जुन्या बाटलीत गाळ असतो. ती आदल्या दिवशी उभी करून ठेवा आणि सावकाश ओता. उरलेली बूच लावून फ्रिजमध्ये ठेवा, दोन-तीन दिवसांत संपवा.

बाटली घेताना ती कोणत्या जेवणाबरोबर उघडणार ते आम्हाला जरूर सांगा. पहिलीच वेळ असेल तर मेर्लो जास्त असलेली काढून देऊ.