बधिरांध बालकांचे भाषाशिक्षण

दृष्टी आणि श्रवण या दोन्ही संवेदना जन्मतः नसलेल्या किंवा भाषा पक्की होण्यापूर्वीच गमावलेल्या बालकांना मुख्यतः स्पर्शाच्या आधारे भाषा शिकविण्याची पद्धती. अंध मूल कानांनी भाषा उचलते आणि बधिर मूल डोळ्यांनी खुणांची भाषा आत्मसात करते. बधिरांध मुलाला मात्र एका इंद्रियाची उणीव दुसऱ्याने भरून काढता येत नाही. इतर मुले मोठ्यांचे आपापसांतील बोलणे आयते ऐकत वाढतात, तर या मुलाच्या हातावर जे उमटविले गेले नाही ते त्याच्यापुरते कोणी बोललेलेच नसते. गर्भावस्थेत मातेला झालेला रुबेला, अकाली जन्म, मस्तिष्कावरणशोथ (मेंदूच्या आवरणांचा दाह) आणि काही आनुवंशिक विकार ही या अवस्थेची प्रमुख कारणे होत. एकोणिसाव्या शतकात लोहितांग ज्वरानेही (स्कार्लेट फीव्हर) अनेक मुलांची दोन्ही इंद्रिये नेली. पुष्कळ मुलांमध्ये थोडी दृष्टी किंवा थोडे श्रवण शिल्लक असते आणि शिक्षक त्याचाही उपयोग करून घेतात.

बॉस्टन येथील, पुढे पर्किन्स या नावाने प्रसिद्ध झालेल्या अंधशाळेत सॅम्युएल ग्रिडली हाउ यांनी 1837 मध्ये लॉरा ब्रिजमन या मुलीच्या शिक्षणास प्रारंभ केला. दोन वर्षांची असताना लोहितांग ज्वराने तिची दृष्टी व श्रवण हिरावले होते. किल्ली, चमचा, सुरी अशा वस्तूंवर हाउ यांनी उठावाच्या अक्षरांतील नावाच्या पट्ट्या चिकटविल्या. मग पट्ट्या सुट्या केल्या, पुढे अक्षरे सुटी केली, आणि तिला ती जुळवता येऊ लागल्यावर बोटांची वर्णमाला शिकविली. बोटांच्या अशा भाषेला मराठीत करपल्लवी हा शब्द पूर्वापार आहे. येथे मात्र ती पाहण्याची नसून दुसऱ्याच्या तळहातात उमटविण्याची असते. वस्तूकडून शब्दाकडे आणि शब्दाकडून वाक्याकडे जाणारी ही पद्धत तर्कशुद्ध असली, तरी कोणतेही लहान मूल भाषा या क्रमाने शिकत नाही, हे तिचे वैगुण्य होते.

ते अ‍ॅन सलिव्हन यांनी ओळखले. 1866 मध्ये जन्मलेल्या सलिव्हन यांची दृष्टी बालपणी खुपऱ्यांनी अधू झाली होती. अनाथालयवजा गरीबगृहातून त्या पर्किन्समध्ये आल्या आणि तेथेच, वयस्क झालेल्या लॉरा ब्रिजमनशी बोलता यावे म्हणून, करपल्लवी शिकल्या. 3 मार्च 1887 रोजी त्या अ‍ॅलाबॅमा राज्यातील टस्कंबिया येथे हेलन केलर हिच्या घरी पोहोचल्या, तेव्हा हेलन सात वर्षांचीही नव्हती. दृष्टी व श्रवण नेणाऱ्या आजारपणापूर्वीचे एकोणीस महिने तिने ऐकण्या-पाहण्यात घालविले होते आणि घरच्यांशी बोलण्याच्या अनेक खुणा स्वतःच रचल्या होत्या. तिची पाटी अगदी कोरी नव्हती, ही गोष्ट तिच्या कथेत बहुधा मागे पडते.

पाण्याच्या पंपाजवळ हेलनला शब्दाचा अर्थ उमगला ती 5 एप्रिल 1887 ची घटना सर्वपरिचित आहे, पण तिच्याआधीचे पाच आठवडे अधिक शिकवून जातात. 31 मार्चला सलिव्हन यांनी हेलनला येणाऱ्या शब्दांची यादी केली. तीत अठरा नामे व तीन क्रियापदे होती, आणि त्या अठरांत ‘पाणी’ हा शब्दही होता. म्हणजे ती अक्षरे तिच्या बोटांत आधीच बसलेली होती. अडचण निराळीच होती: पेला, दूध आणि पिण्याची क्रिया यांची तिच्या मनात सरमिसळ होत होती, कारण ही सारी एकाच अनुभवाचे तुकडे होती. पंपाशी तिने पेला धारेखाली धरला, थंड पाणी भरून हातावरून ओसंडू लागले आणि सलिव्हन यांनी तिच्या मोकळ्या हातात तोच शब्द लिहिला. पेला तिच्या हातून गळून पडला. या वेळी हातावरून वाहत होते ते फक्त पाणी; त्यात दूध नव्हते आणि पिणेही नव्हते. काही तासांतच तिने आणखी तीस शब्द मिळविले.

याहून महत्त्वाचा निर्णय त्यानंतरच्या काही दिवसांत झाला. हेलनच्या नात्यातील सुमारे पंधरा महिन्यांच्या एका बालकाला बरेचसे बोलणे समजते, पण स्वतः मात्र बोलता येत नाही, असे सलिव्हन यांच्या लक्षात आले. तेव्हा त्यांनी ठराविक वेळेचे धडे बंद केले आणि बाळाच्या कानाशी जसे बोलत राहतात तसे हेलनच्या हातात पूर्ण वाक्यांत बोलत राहण्याचे ठरविले. अर्थ लागत नसेल तेथे तिच्याच खुणा जोडावयाच्या. वाचनही खेळातूनच आले. हेलनने ‘मुलगी’ या शब्दाची पट्टी आपल्या झग्याला टाचली, कपाटात जाऊन उभी राहिली आणि ‘कपाटात आहे’ या अर्थाचे शब्द फळीवर मांडले. वाक्य म्हणजे काय हे व्याकरण न सांगता तिच्या अंगी उतरले. 1904 मध्ये ती रॅडक्लिफ महाविद्यालयाची पदवीधर झाली. तेथील व्याख्याने सलिव्हन तिच्या हातात उतरवीत असत.

जन्मतःच बधिरांध असलेल्या मुलाकडे एकोणीस महिन्यांची ही शिदोरीही नसते. फ्रान्समधील मारी हर्तँ ही अशी मुलगी 1895 मध्ये, दहाव्या वर्षी, प्वातिएजवळील लार्ने येथील जोगिणींच्या शाळेत आली. तिचा जीव एका छोट्या चाकूवर होता. सिस्टर सेंट मार्गरीत यांनी तो काढून घेतला, एक हात दुसऱ्यावर कापल्यासारखा फिरवून चाकूची खूण तिच्याकडून करवून घेतली आणि खूण होताच चाकू परत दिला. मागण्याची गरज तीव्र असेल तेथेच पहिली खूण रुजते, हे पुढील शिक्षकांनी यातून घेतले.

विसाव्या शतकात पद्धती वाढल्या. तादोमा पद्धतीत मूल बोलणाऱ्याच्या चेहऱ्यावर हात ठेवून ओठ, जबडा व कंठ यांच्या हालचालींतून शब्द ओळखते. ती शिकणे फार कष्टाचे असल्याने आज क्वचितच वापरली जाते. सोव्हिएत रशियात मेश्चेर्याकोव्ह यांनी जेवण, कपडे घालणे अशा कामांपासून आरंभ केला: शिक्षक मुलाचा हात धरून चमचा तोंडापर्यंत नेई आणि मुलाच्या हाताने किंचित जरी स्वतः जोर लावला तरी आपला जोर सैल करी. नेदरलँड्समध्ये यान फान डाइक यांनी मुलासोबत एकत्र हालचाल करणे आणि दिनक्रमातील कामे दर्शविणाऱ्या वस्तू कप्प्यांत क्रमाने मांडून ठेवणे यांवर भर दिला; काम संपले की त्याची वस्तू मूल ‘संपले’च्या पेटीत टाकते.

अलीकडे शिक्षक मुलाचा हात वरून धरण्याऐवजी आपला हात त्याच्या हाताखाली ठेवतात. त्यामुळे मुलाला शिक्षकाच्या हाताची हालचाल कळते आणि नको असेल तेव्हा आपला हात काढून घेता येतो. ते काढून घेणेही त्याचे बोलणे समजून शिक्षक त्यास उत्तर देतो.