वाळीत टाकणं गुन्हा कसा ठरलं: पार्श्वभूमी

सामाजिक बहिष्काराविरुद्धचा महाराष्ट्राचा कायदा एप्रिल 2016 मध्ये विधिमंडळात मंजूर झाला आणि 3 जुलै 2017 पासून लागू झाला. 'असा कायदा करणारं देशातलं पहिलं राज्य' म्हणून तेव्हा पाठ थोपटून घेतली गेली. स्वतंत्र आणि सविस्तर कायदा म्हणून ते खरंही आहे. पण याच भूमीवर 1949 मध्ये असा एक कायदा झाला होता, तेरा वर्षांत तो गेला, आणि पुढची पन्नास-पंचावन्न वर्षं जातपंचायतींना रान मोकळं मिळालं, हे त्या गजरात कुणी फारसं बोललं नाही.

त्याआधीचं थोडक्यात. पेशवाईत ग्रामण्य (जातीचा नियम मोडल्यावरून उठणारा बहिष्काराचा वाद), प्रायश्चित्त आणि शुद्धिपत्र (जातीत परत घेतल्याचा दाखला) या कामात सरकार स्वतःच हात घालायचं. इंग्रजांनी हात काढून घेतला. मुंबई इलाख्याच्या 1827 च्या दुसऱ्या रेग्युलेशनने जातीच्या प्रश्नात कोर्टांनी पडू नये असं ठरवलं. बेकायदा कृत्यामुळे जातीतल्या स्थानाला किंवा अब्रूला बट्टा लागला तर भरपाईचा दावा तेवढा करता येई. 1850 च्या कायद्याने जात गेली तरी वारसाहक्क जाणार नाही एवढी हमी दिली. म्हणजे जमीन वाचली, पण शेजारी नाही. 1890 च्या ऑक्टोबरात पुण्यात मिशनऱ्यांकडे चहा घेतल्यावरून उठलेलं ग्रामण्य प्रसिद्धच आहे. त्यात भल्याभल्यांना प्रायश्चित्त घ्यावं लागलं. ते घरच्यांची अडचण होऊ नये म्हणून घेतलं गेलं, हे मात्र लक्षात ठेवण्यासारखं.

1949 चा मुंबई राज्याचा कायदा छोटा होता. समाजातून केलेली हकालपट्टी अवैध आणि ती करणाऱ्याला हजार रुपयांपर्यंत दंड. मेख व्याख्येत होती. दिवाणी दाव्याने मिळवता येतील असे हक्क काढून घेतले तरच ती हकालपट्टी. देवळात-मशिदीत जाण्याचा, दफन-दहनाचा, मिळकतीचा हक्क त्यात आला. लग्नाला न बोलावणं, दळण न देणं, बोलणं बंद करणं यांपैकी काहीच आलं नाही. गावात माणसाचा जीव नेमका यातच जातो.

या कायद्याला आव्हान दिलं ते बोहरा समाजाच्या धर्मप्रमुखांनी. मुंबई उच्च न्यायालयाने 1952 मध्ये कायदा टिकवला. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 1962 मध्ये चार विरुद्ध एक अशा बहुमताने तो रद्द केला. बहुमताचं म्हणणं असं: धर्माच्या कारणावरून सभासदाला बाहेर काढणं हा पंथाच्या धार्मिक कारभाराचा भाग आहे, संविधानाचा अनुच्छेद 26(ख) त्याला संरक्षण देतो, आणि समाजसुधारणेसाठी राज्याला मुभा देणारं 25(2)(ख) इथे कामी येत नाही. एकटे वेगळे राहिले ते सरन्यायाधीश. बहिष्कृत माणूस आपल्याच समाजात अस्पृश्य होतो, म्हणून हा कायदा अस्पृश्यता बंद करणाऱ्या अनुच्छेद 17 च्या उद्देशालाच पुढे नेतो, असं त्यांनी लिहिलं. त्यांचं मत आज वाचलं तर बहुमतापेक्षा जास्त पटतं. वाद धर्मश्रद्धेवरच्या हकालपट्टीचा होता; पण कायदाच कोसळल्यामुळे आंतरजातीय लग्नावरून किंवा बांधाच्या भांडणावरून दंड ठोकणाऱ्या जातपंचायतीही आपोआप सुटल्या. त्यांच्या बाजूने कोणी वकीलही उभा केला नव्हता.

मधल्या काळात पोलिसांच्या हाती भारतीय दंड संहिताच होती. नाशिकमधल्या एका खुनानंतर 2013 मध्ये जातपंचायतींचा विषय ऐरणीवर आला. रायगडमधून वाळीत टाकल्याच्या तक्रारी येऊ लागल्या. तेव्हा कलम 153 अ लावायला सुरुवात झाली. ते कलम दोन गटांतल्या द्वेषाचं. इथे आरोपी आणि फिर्यादी एकाच गावकीतले. शिवाय त्या कलमाखाली खटला चालवायला सरकारची पूर्वमंजुरी लागते. ती मिळेपर्यंत साक्षीदार पंचांच्या पंक्तीत बसलेले असत.

कारण बहिष्कार चालतो तो तिसऱ्या माणसाच्या जोरावर. बैठक भरते, दंड ठरतो, तो भरला नाही तर 'याच्याशी जो बोलेल त्यालाही एवढाच दंड' असं सांगितलं जातं. मग किराणावाला, न्हावी, सख्खा भाऊ, सगळे आपापला दंड वाचवतात. कोकणात शिमग्याला पालखी त्या घरासमोर थांबत नाही. गावच्या कामाची वर्गणी घेतली जात नाही. बाहेरच्याला वाटेल, पैसे वाचले की! प्रत्यक्षात पावती नाही म्हणजे गावात नाव नाही.

2016 च्या कायद्याने हा तिसरा माणूस पकडला. पंचायत नोंदणीकृत असो वा नसो, फर्मान तोंडी असो वा लेखी, ते देणारा आणि त्याला साथ देणारा दोघेही दोषी: तीन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. दंडाची रक्कम पीडिताला देता येते. गुन्हा दखलपात्र पण जामीनपात्र, आणि आरोपपत्रापासून सहा महिन्यांत निकाल अपेक्षित.

प्रकरणं ढिली पडतात ती पुराव्यावर. 'आम्ही आपले बोलत नाही' हा गुन्हा नाही. 'बोलू नका असं ठरलं' हा गुन्हा आहे. म्हणून फिर्यादीत बैठकीची तारीख, जागा, हजर माणसं, दंडाचा आकडा आणि तो कोणी सांगितला हे हवंच. ग्रुपवरचा मेसेज स्क्रीनशॉटवर न थांबता फोनसकट जपावा. मंडळाच्या खात्यावर पाठवलेली वर्गणी परत आली तर बँकेची ती नोंद चांगला पुरावा ठरते.

मला सर्वात खटकणारं कलम तडजोडीचं. पीडिताची संमती आणि कोर्टाची परवानगी असेल तर प्रकरण मिटवता येतं. कोर्ट आरोपींना समाजसेवेची अटही घालू शकतं. हेतू बरा आहे, कारण शेवटी राहायचं त्याच गावात. पण जी माणसं भावाला भावाशी बोलू देत नाहीत, ती संमतीची सही किती सहज मिळवतील याचा अंदाज मसुदा करणाऱ्यांना नसेल असं वाटत नाही.

2016 च्या कायद्यानेच 1949 चा कायदा रीतसर मोडीत काढला. 1962 च्या निकालाविरुद्धची सर्वोच्च न्यायालयातली 1986 पासूनची याचिका मात्र संपली नाही. मूळ कायदाच राहिला नाही तर याचिका कशाला, हा युक्तिवाद पाच न्यायमूर्तींनी फेटाळला आणि अशा हकालपट्टीला संविधानाचं संरक्षण आहे का, हा प्रश्न फेब्रुवारी 2023 मध्ये नऊ न्यायमूर्तींकडे सोपवला. नव्या कायद्याच्या 'समाज' या व्याख्येत जातीबरोबर धर्म आणि पंथही येतात, त्यामुळे तिथलं उत्तर गावकीलाही लागू पडू शकतं.