जॅपनीज मेपल की लिक्विडअंबर? पान नका बघू, फांदी बघा

पानगळीच्या सीझनमध्ये लालभडक झालेलं, पंजासारख्या पानांचं झाड दिसलं की लोक डोळे झाकून "मेपल" म्हणून मोकळे होतात, आणि बऱ्याचदा ते निघतं लिक्विडअंबर, ज्याला स्वीटगम पण म्हणतात. दोघांचं एकमेकांशी काही नातं नाही, कुळंही वेगळी, पण नर्सरीत रोप छोटं असताना भलेभले फसतात.

पानाच्या आकारावर जाऊ नका, दोघांच्याही पानाला पाच-सात टोकं असू शकतात. फांदी हातात घ्या आणि पानं कुठून फुटलीत ते बघा. मेपलमध्ये पानं समोरासमोर, जोडीने येतात. लिक्विडअंबरमध्ये एक इकडे, मग थोडं वर दुसरं तिकडे, अशी एकाआड एक. बस, इथेच निकाल लागतो, आणि गंमत म्हणजे सगळी पानं गळून गेली तरी फांदीवरचे डोळे (जिथून नवी पानं फुटतात ते कोंब) त्याच पद्धतीने असतात त्यामुळे ऐन थंडीत बोडकं झाड समोर असलं तरी ओळखता येतं. तरी डाऊट असेल तर पान चुरगाळून वास घ्या, लिक्विडअंबरला राळेसारखा गोडसर सुगंध येतो (त्याच्या खोडातून चीक निघतो त्याचाच हा प्रकार), मेपलला असा वास नाही. फळं लागली असतील तर प्रश्नच मिटला, मेपलची जोडीने लागणारी पंखवाली, गरगरत खाली येतात, आणि लिक्विडअंबरचे लांब देठाला लोंबणारे काटेरी गोळे, जे पायाखाली आले की शिव्या घालावंसं वाटतं.

आता एवढी चिकित्सा कशाला? तर साइजसाठी. जॅपनीज मेपल हळू वाढतं, मोठं झालं तरी साधारण ५ ते ८ मीटर, आणि बारीक कातरलेल्या पानांच्या 'डिसेक्टम' जाती तर कुंडीत वर्षानुवर्षं मजेत राहतात. लिक्विडअंबर २० मीटरच्या वर जाणारं झाड आहे, मुळं वरवर पसरतात, फरशीजवळ लावलंत तर फरशी उचलणार. मेपल म्हणून हे अंगणाच्या कोपऱ्यात लावलं की पुढे काय होणार ते सांगायला नको. जागा कमी आहे आणि हेच हवंय तर 'स्लेंडर सिल्हूएट' नावाची खांबासारखी सरळसोट वाढणारी जात बघा, उंची तिलाही असतेच, फक्त घेर कमी.

जागेची आवडही उलटी आहे. लिक्विडअंबरला भरपूर ऊन द्या, सावलीत रंग फिका पडतो. जॅपनीज मेपलला दुपारचं कडक ऊन आणि गरम वारा लागला की पानांच्या कडा करपतात, सकाळचं ऊन आणि दुपारी सावली बेस्ट.

रंगाचं मात्र नीट समजून घ्या. पानातलं हिरवं द्रव्य मोडलं की आधीपासूनच असलेला पिवळा दिसायला लागतो, लाल मात्र पान त्या दिवसांत नव्याने तयार करतं, त्यासाठी दिवसा ऊन आणि रात्री गारवा लागतो. पण जॅपनीज मेपलच्या जातींतही फरक आहे, 'ब्लडगुड' वसंतापासूनच जांभळट-लाल असतं, आणि 'ओसाकाझुकी' अख्खा उन्हाळा साधं हिरवं राहून शेवटी असं काही पेटतं की बघत राहावं. माझं मत विचाराल तर ओसाकाझुकीच, वाट बघायला लावतं पण वसूल आहे!

लिक्विडअंबरची मजा वेगळी, एकाच झाडावर पिवळा, केशरी, लाल आणि गडद जांभळा एकाच वेळी दिसू शकतो, आणि थंडी फार नसली तरी ते बऱ्यापैकी रंगतं. फक्त बियांपासून केलेल्या रोपांचा भरवसा नाही, एक लाल होईल तर शेजारचं नुसतंच पिवळं, म्हणून घ्यायचंच असेल तर ऐन रंगाच्या दिवसांत जाऊन डोळ्यांनी बघून घ्या नाहीतर 'वोर्प्लेसडन'सारख्या नाव असलेल्या जातीचं कलम मागा.