नाव ज्यूंचे, वस्ती इतरांची: बिरोबिजानची पार्श्वभूमी

रशियाच्या अतिपूर्वेला, आमूर नदीपलीकडे चीन दिसतो अशा ठिकाणी 'ज्यू स्वायत्त प्रांत', म्हणजेच बिरोबिजान, आजही नकाशावर आहे. तिथे ज्यू कधीच बहुसंख्य नव्हते. नाव सोनुबाई, हाती कथलाचा वाळा!

मुळात ज्यूंना राष्ट्र म्हणता येत नाही, कारण त्यांना स्वतःचा भूप्रदेश नाही, असे स्टालिनने १९१३ मध्येच लिहिले होते. १९१७ च्या रशियन क्रांतीनंतर खासगी व्यापार आवळला गेला आणि युक्रेन-बेलारूसमधल्या गावोगावचे ज्यू दुकानदार-कारागीर बेकार झाले. त्यांना शेतकरी करायचे ठरले. क्रिमियात वसाहती उभ्या राहूही लागल्या. पण तिथे जमिनीवरून स्थानिकांची कुरबुर सुरू झाली. मग मार्च १९२८ मध्ये सोव्हिएत सरकारने बिरा आणि बिजान नद्यांभोवतीचा, मॉस्कोपासून हजारो किलोमीटर दूरचा मुलूख ज्यूंच्या वसाहतीसाठी राखून ठेवला. त्यात संरक्षणाचाही हिशेब होता. सीमेवर माणसे हवीच होती आणि १९३१ मध्ये जपानने सीमेपलीकडचा चीनचा मांचुरिया घेतल्यावर ती निकड वाढली.

पहिले वसाहतकरी तिखोनकाया या छोट्या रेल्वे स्थानकावर उतरले. पुढ्यात दलदल, डासांचे थवे आणि राहायला धड घर नाही. त्याच वर्षी पुराने पिके बुडाली, अनेकांनी परतीची गाडी धरली. तरीही यिडिशच्या, म्हणजे पूर्व युरोपातल्या ज्यूंच्या बोलभाषेच्या, शाळा निघाल्या, नाट्यगृह आले, १९३० मध्ये 'बिरोबिजानर श्टेर्न' हे वृत्तपत्र सुरू झाले. मे १९३४ मध्ये प्रांताचा दर्जा मिळाला. यिडिशला मान होता, धर्मग्रंथांच्या हिब्रूला आणि धर्माला मात्र नाही. म्हणजे संस्कृती कोणती जपायची, हेही सरकारच ठरवणार.

दोनच वर्षांत प्रांताचे पहिले प्रमुख योसेफ लिबरबर्ग यांना अटक झाली. १९३७ मध्ये त्यांना गोळ्या घातल्या. १९३९ च्या जनगणनेत ज्यू होते सुमारे १७,७००, म्हणजे साधारण १६ टक्के. युद्धानंतर युक्रेनमधून आणखी काही हजार आले, पण स्टालिनच्या १९४८-४९ च्या ज्यूविरोधी धरपकडीत नेते तुरुंगात गेले, यिडिश शाळा बंद पडल्या, ग्रंथालयातली पुस्तके जाळली गेली.

दर्जा मात्र कुणी काढला नाही. १९९१ मध्ये प्रांत खाबारोव्स्क या ज्या मोठ्या प्रदेशात मोडत होता, त्यापासून वेगळा झाला, तोवर उरलेसुरले ज्यू इस्रायलची वाट धरू लागले होते.