डिस्ट्रो की डेस्कटॉप? ओर्का वापरणाऱ्याने आधी काय निवडावं

अंध मित्रमंडळींत लिनक्सचा विषय निघाला की पहिला प्रश्न ठरलेला: उबुंटू घेऊ, डेबियन घेऊ की फेडोरा? विंडोजवर एनव्हीडीए हा स्क्रीन रीडर, म्हणजे स्क्रीनवरचं बोलून दाखवणारा प्रोग्राम, वापरून आलेल्याला तो पडणारच, कारण तिथे डेस्कटॉप वेगळा निवडावाच लागत नाही. पण ही तिन्ही नावं डिस्ट्रोंची आहेत, आणि ओर्का या लिनक्सच्या स्क्रीन रीडरमधून रोज कानावर काय पडणार हे बहुतांशी डेस्कटॉपवर ठरतं.

कर्नल (म्हणजे सिस्टिमचा गाभा), प्रोग्राम, इन्स्टॉलर आणि अपडेट यांची जुळणी करून हाती देतात, ती डिस्ट्रो. मेनू, खिडक्या, फाइल मॅनेजर, शॉर्टकट हा सगळा कारभार डेस्कटॉपचा. एकाच डेबियनवर ग्नोम चालतो, माटे चालतो, केडीई प्लाझ्माही चालतो. उलट माटे डेबियनवर घ्या नाहीतर उबुंटूवर, बोटांची सवय तीच राहते.

ओर्का स्क्रीनवरचं चित्र वाचत नाही. 'हे बटण आहे, याचं नाव सेव्ह' अशी माहिती प्रत्येक प्रोग्रामने स्वतः पुरवायची असते. ती एटी-एसपीआय या यंत्रणेतून ओर्काकडे येते, ओर्का तिचं बोलण्याजोगं वाक्य करून स्पीच डिस्पॅचर या मध्यस्थाला देतो आणि शेवटी ईस्पीक हा आवाज तयार करणारा प्रोग्राम ते उच्चारतो. डेस्कटॉप बनवणाऱ्यांनी ही माहितीच नीट भरली नसेल तर ओर्का नुसतं 'बटण, बटण' म्हणत राहतो, नाहीतर गप्प बसतो. मग डिस्ट्रो कितीही नावाजलेली असो.

खरी निवड सध्या ग्नोम आणि माटे यांच्यात आहे. २०११ मध्ये ग्नोम ३ ने जुनी मांडणी मोडीत काढली. ती ज्यांना हवी होती त्यांनी ग्नोम २ च्या कोडवरून माटे उभा केला. माटेमध्ये ऑल्ट-एफ१ दाबलं की मेनू उघडतो आणि बाणांनी एकेक पायरी उतरत जाता येतं. जुन्या विंडोजवर हात बसलेल्याला ते फारसं शिकवावं लागत नाही. ग्नोममध्ये सुपर, म्हणजे विंडोजचं चिन्ह असलेली की, दाबायची, प्रोग्रामचं नाव टाइप करायचं आणि एंटर. मेनूत हिंडणं जवळपास नाहीच. ऑल्ट-सुपर-एस दाबलं की ओर्का बोलू लागतो.

ग्नोमची दुखरी नस होती वेलँड. स्क्रीनवर खिडक्या दाखवणाऱ्या आणि की प्रोग्रामपर्यंत पोहोचवणाऱ्या या नव्या यंत्रणेत एका प्रोग्रामला दुसऱ्यासाठी दाबलेली की कळत नाही. सुरक्षेसाठी हे ठीकच, पण स्क्रीन रीडरला तर प्रत्येक की आधी पकडावी लागते. त्यामुळे ओर्काचे शॉर्टकट अडखळायचे. मार्च २०२५ च्या ग्नोम ४८ मध्ये त्यावर नीट उपाय झाला. माटे याच कामाच्या जुन्या यंत्रणेवर, एक्स११ वरच, चालत आल्याने त्याला ही डोकेदुखी झाली नाही. पण एक्स११ आता थकलंय, हेही लक्षात असू द्या. माझं मत विचाराल तर विंडोजची सवय मुरलेल्याने माटे घ्यावा; कोऱ्या पाटीने सुरुवात करणाऱ्या विद्यार्थ्याला मी ग्नोमच देईन, मात्र ४८ किंवा त्यापुढचा. प्लाझ्मा सुधारतोय, पण पहिल्यांदाच येणाऱ्याला मी तो सुचवणार नाही.

आणि इथेच डिस्ट्रो पुन्हा महत्त्वाची ठरते. डेबियन १२ मध्ये ग्नोम ४३ आहे, उबुंटू २४.०४ मध्ये ४६, ऑगस्ट २०२५ च्या डेबियन १३ मध्ये ४८. डेस्कटॉप तोच, पण अनुभवात बराच फरक.

दुसरी कसोटी म्हणजे इन्स्टॉलर. शेजारी डोळस माणूस नसताना तो पार पडतो का? यात डेबियनचा हात धरणारं कोणी नाही, असं मला वाटतं. बूट मेनूचा बीप ऐकू आला की एस आणि एंटर दाबायचं. इन्स्टॉलर बोलू लागतो, पर्याय क्रमांकाने वाचून दाखवतो आणि आपण क्रमांक टाइप करत पुढे जातो. २०१३ च्या डेबियन ७ पासून ही सोय आहे. बऱ्याच नव्या लॅपटॉपना आवाजासाठीसुद्धा वेगळं फर्मवेअर, म्हणजे त्या हार्डवेअरला चालवणारं सॉफ्टवेअर, लागतं; डेबियन १२ पासून फर्मवेअर अधिकृत इमेजमध्येच येऊ लागलं आहे.

'खास अंधांसाठी' म्हणून बनवलेल्या डिस्ट्रोही आहेत. क्लाउस नॉपर यांनी नॉपिक्समधलं एड्रियान त्यांच्या अंध पत्नीसाठी तयार केलं. उबुंटू माटेवर बेतलेली ॲक्सेसिबल-कोकोनट आपल्याकडची, भारतात बनलेली. त्यांत सगळं आधीच जुळवून ठेवलेलं असतं, पण बहुतेकांमधला स्क्रीन रीडर तोच ओर्का. व्हिनक्स आणि सोनार या दोन गाजलेल्या डिस्ट्रो मोजक्या माणसांच्या खांद्यावर होत्या. आज दोन्ही बंद आहेत. ओळख करून घ्यायला अशा डिस्ट्रो उत्तम, पण नोकरीचं काम ज्या मशीनवर आहे तिथे मी मूळ डिस्ट्रोच ठेवेन.

डेस्कटॉपच नको असणारेही आहेत. काळ्या कन्सोलवर, म्हणजे नुसत्या मजकुराच्या पडद्यावर, कर्नलमधला स्पीकअप हा स्क्रीन रीडर बोलतो आणि ब्रेल डिस्प्ले बीआरएलटीटीवाय हा प्रोग्राम सांभाळतो. पुण्यात जन्मलेले टी. व्ही. रामन यांनी १९९५ मध्ये आणलेलं ईमॅक्सपीक तर मेलपासून प्रोग्रामिंगपर्यंत सगळं ईमॅक्स या एडिटरमध्येच बोलून दाखवतं.

मराठीसाठी मात्र डिस्ट्रो बदलायची गरज नाही. ईस्पीक-एनजी मराठी बोलतो, आवाज यांत्रिक असला तरी. ओर्का चालू असताना ओर्का की (इन्सर्ट, लॅपटॉप मांडणीत कॅप्स लॉक) आणि स्पेस दाबा, आवाजाच्या सेटिंगमध्ये जा आणि भाषा मराठी करा.