जौहराचं पोलाद आणि थरांचं पोलाद: एकाच ‘दमास्कस’ नावाखालच्या दोन गोष्टी

खंडेनवमीला मामांच्या घरी शस्त्रपूजा असते. आदल्या दिवशी मामी विटेचा बारीक चुरा आणि चिंच घेऊन तलवार लखलखीत घासते, मग पाटावर हळदीकुंकू. तीन-चार पिढ्या हेच चालत आलंय. दोन वर्षांपूर्वी पूजा उरकल्यावर मामांना विचारून मी मुठीलगतचं, जिथे घासणाऱ्याचं बोट नीट पोचत नाही तिथलं, नखाएवढ्या जागेवरचं कुंकू पुसलं आणि दहापट मोठं दाखवणारं भिंग लावलं. पोलादात अगदी फिकट जाळी होती. तळ्याच्या पाण्यावर वाऱ्याची झुळूक येऊन गेल्यावर दिसते तशी. मामा म्हणाले, “गंज धरला वाटतं.” तो गंज नव्हता, तो जौहर होता, म्हणजे पोलादाच्या पोटातच उमटलेली नक्षी.

मामेभाऊ लगेच स्वयंपाकघरातून सुरा घेऊन आला. ऑनलाइन मागवलेला, पात्यावर ठळक नागमोडी रेघा, खोक्यावर मोठ्या अक्षरात ‘दमास्कस’. “म्हणजे आपली तलवार आणि माझा सुरा एकाच जातीचे की!” दोन्ही पाती पाटावर शेजारी ठेवली तर वरवर पाहणाऱ्याला खरंच तसं वाटेल. जुनी शस्त्रं जमवणाऱ्यांच्या जगात या एका शब्दाने जेवढा घोळ घातलाय, तेवढा दुसऱ्या कुठल्या शब्दाने क्वचितच घातला असेल.

फरक असा आहे. तलवारीतली नक्षी ही पोलाद मुशीत थंड होताना आणि नंतर ठोकलं जाताना त्याच्या पोटातच तयार झाली. लोहाराने बाहेरून काही मिसळलं नाही. सगळं पातं एकाच लगडीचं. सुऱ्यातली नक्षी मात्र लोहाराने रचलेली आहे: दोन वेगळ्या पोलादांच्या पट्ट्या एकावर एक ठेवून, तापवून, ठोकून एकजीव केलेल्या. पहिलं मुशीचं पोलाद, दुसरं थरांचं. दोन्हींत कसब आहे, पण कसबाची जागा वेगळी.

मुशीच्या पोलादाबद्दल जरा सविस्तर सांगतो, कारण ते आपल्याच मुलखातलं आहे आणि आपल्यालाच त्याची ओळख कमी. तेलंगणातलं निजामाबादजवळचं कोनसमुद्रम, जुना म्हैसूर प्रांत, तमिळनाडूतलं सेलम आणि श्रीलंका ही त्याची ठळक ठिकाणं. इंग्रजांनी त्याला ‘वूट्झ’ म्हटलं. कन्नड-तेलुगूत पोलादाला ‘उक्कु’ म्हणतात, त्यावरून ते नाव आलं असं बहुतेक अभ्यासक मानतात. अरबीत उत्तम तलवारीला ‘मुहन्नद’ असा शब्द आहे, म्हणजे हिंदची. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला हेन्री व्हॉयसी हा इंग्रज भूगर्भशास्त्रज्ञ कोनसमुद्रमला गेला, तेव्हा पोलाद विकत घ्यायला थेट इस्फहानचे व्यापारी तिथे येत असल्याचं त्याने नोंदवलं. मध्य आशियातही मुशीचं पोलाद होत असे, पण इराणी आणि अरबी पात्यांसाठी लागणारं बरंचसं पोलाद दक्षिण हिंदुस्थानातून समुद्रमार्गे जायचं. युरोपीयांनी ते पश्चिम आशियाच्या बाजारांत पाहिलं आणि तिथल्या दमास्कस शहराचं नाव पोलादाला चिकटलं, असं सहसा मानतात.

कृती ऐकायला साधी आहे. लोखंडाचे तुकडे, तरवडाच्या लाकडाच्या ढलप्या आणि रुईची हिरवी पानं मातीच्या छोट्या मुशीत भरायची, तोंड मातीने लिंपून बंद करायचं, अशा मुशी भट्टीत रचून भाता मारत तासन्‌तास तापवायच्या. तरवड आणि रुई आपल्या माळावर कुठेही दिसतात. दसऱ्याच्या आसपास तरवड पिवळ्या फुलांनी भरलेला असतो. त्या लाकडा-पानांतला कार्बन लोखंडात उतरतो, लोखंड मुशीत वितळतं आणि सावकाश गोठतं. निघते ती तळहातावर मावणारी जड लगड. तिच्यात कार्बन साधारण दीड टक्का, म्हणजे नेहमीच्या सुरी-चाकूच्या पोलादापेक्षा बराच जास्त.

खरी कसोटी इथून पुढे लोहाराची. एवढा कार्बन असलेलं पोलाद पांढरं होईपर्यंत तापवून घण मारला की त्याचा चुरा होतो. युरोपातल्या लोहारांचा हात पांढऱ्या आचेला सरावलेला, म्हणून अनेकांच्या हाती चुराच लागला. हे पोलाद लालसर आचेवर, कमी उष्णतेत, पुन्हा पुन्हा तापवत आणि हलक्या हाताने ठोकत लांब करावं लागतं. त्या प्रत्येक फेरीत कार्बन आणि लोखंडाच्या संयुगाचे, सिमेंटाइटचे, अतिबारीक कण ओळीने गोळा होत जातात. पात्याला सौम्य आम्ल लावलं की हे कण पांढरे राहतात आणि भोवतालचं पोलाद काळवंडतं. तीच ती जाळी.

ही जाळी का पडते, हे समजायला जगाला फार वेळ लागला. लोहाराचा मुलगा असलेला मायकेल फॅरडे १८१९ पासून जेम्स स्टोडार्ट या सुऱ्या-शस्त्रक्रियेची हत्यारं बनवणाऱ्या कारागिराबरोबर या पोलादाच्या मागे लागला होता. रहस्य त्याला उलगडलं नाही, पण त्या खटपटीतून मिश्र पोलादांच्या अभ्यासाला चालना मिळाली. रशियात झ्लातोउस्त इथे पावेल अनोसोव्ह या खाण अभियंत्याने १८४१ मध्ये आपले प्रयोग प्रसिद्ध केले. आणि १९९०च्या दशकात अमेरिकेतला धातुशास्त्रज्ञ व्हर्होवेन आणि फ्लोरिडातला लोहार आल्फ्रेड पेंड्रे यांनी दाखवून दिलं की लगडीत व्हॅनेडियमसारख्या धातूचा अंश, तोही टक्क्याच्या शंभराव्या भागाच्या आसपास, असेल तरच ते कण ओळीने बसतात. ठरावीक खाणींचं खनिज संपलं किंवा बदललं, आणि लोहारांनी पिढीजात कृती तशीच केली तरी जाळी येईना, असं त्यांचं म्हणणं. मला हे पटतं. हातात विद्या शाबूत आहे, पण तिला साथ देणारी मातीच बदलली. त्या लोहारांना काय वाटलं असेल!

थरांच्या पोलादाची गोष्ट वेगळी आणि तीही जुनी. व्हायकिंग काळातल्या आणि त्याआधीच्या युरोपी तलवारींत पिळलेल्या पट्ट्या जोडून केलेलं काम सापडतं. जावाच्या क्रिस नावाच्या खंजिरावरची ‘पामोर’ नक्षी थरांचीच. आपल्याकडच्या तोड्याच्या बंदुकांच्या कितीतरी नळ्या पिळाच्या पट्ट्या गुंडाळून केलेल्या आहेत आणि उत्तरेत अशा थरांच्या पात्याला ‘सकेला’ म्हणतात. तेव्हा थर दिसले की ‘आधुनिक’ किंवा ‘नकली’ असा शिक्का मारू नये. जुनं, अस्सल थरकामही असतं.

आजच्या सुऱ्यांवर जे दिसतं त्याचं मूळ मात्र बरंच अलीकडचं आहे. अमेरिकेतल्या विल्यम मोरन या कारागिराने १९७३ मध्ये थरांचे सुरे प्रदर्शनात मांडले आणि त्यांना ‘दमास्कस’ म्हटलं. तिथून हे नाव जगभर पसरलं. आज सहसा दोन पोलादं घेतात: एक कार्बनवालं, जे आम्लात काळं पडतं, आणि एक निकेल असलेलं, जे चकचकीत राहतं. सात पट्ट्यांचा गठ्ठा पाच वेळा दुमडला की २२४ थर होतात. मग पिळायचं, छिद्रं पाडून चपटं करायचं, आडवे चर मारायचे. जशी करणी तशी नक्षी.

आता भिंगाखाली. माझ्यासाठी सगळ्यात खात्रीची खूण ही. मामेभावाच्या सुऱ्यावर भिंग धरलं तेव्हा प्रत्येक रेघ सलग होती; कडा स्पष्ट, नदीच्या काठासारखी, कुठेही न तुटता पाठीवरून खाली धारेपर्यंत गेलेली. पाठीवर तर थर मोजता येतील असे, पुस्तकाच्या पानांसारखे. एका ठिकाणी दोन थरांमध्ये केसाएवढी काळी फट होती, जोड नीट न बसल्याची. तलवारीवर रेघ अशी नव्हतीच. लांबून रेघ वाटत होती ती जवळून पांढऱ्या ठिपक्यांची रांग निघाली. ठिपके विरळ होत, दाट होत, एकमेकांत मिसळत गेलेले. कुठे सुरुवात, कुठे शेवट, सांगता येऊ नये. भिंग मामांच्या हातात दिलं. ते बराच वेळ काही बोलले नाहीत.

एका नक्षीपाशी मात्र भले भले अडखळतात. मुशीच्या काही उत्तम पात्यांवर ठरावीक अंतराने आडव्या पायऱ्या दिसतात. तुर्कीत तिला ‘किर्क नर्दुबान’, म्हणजे चाळीस पायऱ्यांची शिडी म्हणतात. आजच्या थरांच्या सुऱ्यांतही ‘शिडी’ नावाची नक्षी खूप चालते. दोन्हींत युक्ती एकच: पात्यावर आडवे चर पाडायचे आणि ठोकून सपाट करायचे, म्हणजे आतली रचना वर येते. म्हणून शिडी दिसली एवढ्यावरून निवाडा करायचा नाही. पायऱ्यांच्या मधल्या जागेत काय आहे ते पाहायचं, ठिपके की सलग थर.

तिसरा प्रकार लबाडीचा. साध्या पोलादावर आम्लाने किंवा लेसरने वरवर नक्षी कोरायची. माझ्या संग्रहातला एक खंजीर असाच आला. विकणाऱ्याने ‘जुना, जौहरदार’ म्हणून दिला होता आणि मूठ खरोखर जुनी असल्याने मीही भुललो. घरी आणून पाहिलं तर पन्हळीच्या, म्हणजे पात्यावरच्या लांब खोलगट चराच्या, कडेशी नक्षी एकदम थांबत होती, धार लावताना जिथे पोलाद गेलं होतं तिथे ती नव्हती आणि एका जुन्या ओरखड्याच्या तळाशीही तिचा पत्ता नव्हता. आत भिनलेली नक्षी असती तर ओरखड्याच्या तळाशीही तिचा मागमूस राहिला असता. माणसाने विश्वासाने दिलेल्या पैशांचा असा घात झाला की राग येतो आणि यावा. तेव्हापासून पन्हळ, धार आणि ओरखडा या तीन जागा पाहिल्याशिवाय मी कुणाला ‘हो’ म्हणत नाही.

पातं वाजवून किंवा वाकवून पाहायच्या गोष्टी लोक सांगतात. नाद हा पात्याला पाणी कसं दिलंय (तापवून कसं विझवलंय) आणि मूठ किती घट्ट बसलीय यावरही अवलंबून असतो, म्हणून त्यावरून जात कळत नाही. वाकवण्याच्या नादात तर जुनं पातं कायमचं गमवाल.

आणि जौहर नाही म्हणून पातं कमी प्रतीचं, असंही नाही. मराठ्यांच्या अनेक नामांकित तलवारी ‘फिरंग’ आहेत, म्हणजे मूठ इथली आणि पातं युरोपातून आलेलं, जौहराशिवायचं. २०२५ मध्ये महाराष्ट्र शासनाने लंडनच्या लिलावातून सुमारे ४७ लाख रुपयांना परत मिळवलेली नागपूरकर रघुजी भोसल्यांची तलवार अशीच आहे. पात्याच्या पाठीवर सोन्यात ‘श्रीमंत राघोजी भोसले सेनासाहेबसुभा फिरंग’ असं देवनागरीत लिहिलेलं आहे. त्या काळातल्या सरदारांना आपल्या हातातलं पातं कुठलं आहे हे चांगलं ठाऊक होतं आणि ते लिहून ठेवण्यात त्यांना काही कमीपणा वाटत नव्हता.

घरात जुनं पातं असेल तर माझी एक कळकळीची विनंती. वीट, चिंच, लिंबू, रांगोळी बंद करा. कुंकू आणि हळद ओलसर राहिली तर एका रात्रीत डाग पाडतात. पूजा झाली की कोरड्या मऊ फडक्याने पुसा आणि खनिज तेलाचा पातळ हात द्या. जौहर घासून घासून मावळतो, पण मरत नाही, कारण तो आतपर्यंत असतो. जुने शिकलगार (हत्यारांना धार-झिलई देणारे) हिराकशीच्या द्रावणाने तो पुन्हा उठवत. आज हे काम संवर्धन शिकलेल्या माणसाकडेच द्यावं. यूट्यूब पाहून आम्ल ओतू नये. जौहर खरोखर नाहीसा होतो तो आगीने. पातं लोहाराच्या लालसर आचेच्याही बरंच पुढे तापलं की ते कण पोलादात विरघळतात आणि मग कितीही आम्ल लावा, जाळी परत येत नाही. जळालेल्या वाड्यांतून निघालेली अशी मुकी पाती मी पाहिली आहेत.

विकत घेणाऱ्यांनी कायदाही लक्षात ठेवावा. शंभर वर्षांपेक्षा जुनी वस्तू १९७२च्या कायद्याने पुरावस्तू ठरते आणि ती परवानगीशिवाय देशाबाहेर नेता येत नाही. तलवार घरात ठेवण्याबद्दल १९५९च्या शस्त्र कायद्याखाली आपल्या जिल्ह्यात काय अधिसूचना आहे, तेही पोलीस ठाण्यात विचारून घ्यावं.

यंदा खंडेनवमीला मामींनी तलवार घासली नाही. मऊ फडक्याने पुसली आणि कुंकवाचं बोट पात्याऐवजी मुठीवर, परजेखाली लावलं. उन्हात तिरपी धरली तेव्हा मुठीपासून वीतभर अंतरापर्यंत जाळी नुसत्या डोळ्यांना दिसत होती. मामेभावाने त्याचा सुराही पाटावर ठेवला, शेजारी नाही, थोडा खाली. “हा थरांचा,” त्याने आपल्या मुलीला सांगितलं, “आणि ही मुशीची.”